उभ्या गाडीला लगेच किक मारू नका: जुनी मोटरसायकल घरी कशी चालू करायची

आजचा भाग कानात हेडफोन आणि हातात पाना घेऊन ऐकायचा आहे. आणि ज्यांना गाडीशेजारी बसून एकेक पायरी तपासायची आहे, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना जे 'म्हणजे काय की' वगैरे झालं ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

विषय साधा आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत एक तरी गाडी वर्षानुवर्षं उभी असते. पार्किंगच्या कोपऱ्यात, गोठ्याच्या कडेला, जिन्याखाली. वर पोतं टाकलेलं, टायर बसलेले, सीटमधून स्पंज बाहेर आलेला. सुट्टीत आपण घरी जातो, ती दिसते आणि वाटतं, चला, हिला चालू करू.

मग पहिली गोष्ट काय करतो? पेट्रोल ओततो आणि किक मारत सुटतो. आजचा सगळा भाग हेच सांगण्यासाठी आहे की किक ही पहिली पायरी नाही. ती बरीच नंतरची आहे. चालून झिजलेली गाडी वेगळी आणि उभी राहून बिघडलेली गाडी वेगळी. उभ्या गाडीत नेमकं काय बिघडतं ते कळलं, की कामाचा क्रम आपोआप कळतो.

मी हे काम ज्या गाडीवर केलं ती मामाची २००९ सालची स्प्लेंडर प्लस. टाकीवर अजून 'हिरो होंडा' लिहिलेलं आहे. मामा गेल्यावर ती ६ वर्षं उभी होती. मामीची अट एकच होती: "दिसायला कशी का असेना, पोरगं रोज कॉलेजला नेणार आहे, ब्रेक लागला पाहिजे." ही अट लक्षात ठेवा. शोभेची गाडी करायची की चालवायची, यावर पैसे कुठे घालायचे ते ठरतं.

उदाहरणं स्प्लेंडरची देणार आहे, कारण ९७.२ सीसीचं हे फोर-स्ट्रोक इंजिन गावोगावी आहे आणि सुटे भाग तालुक्याच्या बाजारातही मिळतात. पण बहुतेक गोष्टी पल्सर, शाइन, बॉक्सर, कुठल्याही कार्बोरेटरवाल्या गाडीला लागू आहेत.

१:५० | आधी कागद, मग पाना

कंटाळवाणं आहे, माहितीये. पण इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. गाडी मस्त तयार होते आणि रस्त्यावर आणताच येत नाही.

आरसी शोधा. नसेल तर नंबर टाकून एम-परिवहन ॲपवर गाडीची माहिती बघा. तीन गोष्टी तपासा: मालक कोण, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, आणि कर्जाचा बोजा अजून दिसतोय का. कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवरून बँकेचं नाव कुणी काढलेलं नसतं, असं खूप वेळा होतं.

खाजगी मोटरसायकलची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून ती ५ वर्षांसाठी वाढवता येते. इथे लोकांचा एक गोंधळ होतो. '१५ वर्षं झाली की पेट्रोल गाडी भंगारात' हा नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागाच्या संदर्भातला आहे. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर गाडीची नोंदणी वाढवता येते, मात्र त्यासाठी फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत संपून बरेच दिवस झाले असतील तर उशिराचा दंडही महिन्यांच्या हिशेबाने वाढतो. कधीकधी हा आकडा गाडीच्या किमतीच्या वर जातो. रकमा बदलत असतात, म्हणून आधी आरटीओत चालू आकडा विचारा आणि मगच सुट्या भागांची यादी करा.

मालक हयात नसेल तर विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० नाही, वारसासाठीचा फॉर्म ३१ लागतो. नियमाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि ३ महिन्यांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. घरात अशी वेळ आली की गाडीच्या कागदांचा विचार कुणाच्या डोक्यात नसतो. म्हणून सांगून ठेवतोय.

आणि १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंद झालेली गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेटही बसवावी लागेल. विमा आणि पीयूसी तर आहेच.

४:२० | हात लावायच्या आधी फोटो

आता गाडीकडे. पहिलं हत्यार म्हणजे तुमचा मोबाईल. वायर कुठून गेली, वॉशर कोणत्या बाजूला होता, क्लिप कशी होती, सगळ्याचे फोटो. आज वाटतं लक्षात राहील. तीन रविवारांनंतर काही लक्षात राहत नाही. नट-बोल्ट एकाच डब्यात टाकू नका. रिकाम्या पाकिटांत घाला आणि वर लिहा: 'डावं कव्हर', 'कार्बोरेटर', 'मागचं चाक'.

हत्यारं फार लागत नाहीत. ८ ते १७ नंबरचे रिंग पाने, प्लग पाना, पक्कड आणि चांगला स्क्रू ड्रायव्हर. हा 'चांगला' शब्द महत्त्वाचा आहे. जपानी रचनेच्या गाड्यांचे फुलीच्या खाचेचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरपेक्षा थोडे वेगळे असतात. त्याला जेआयएस म्हणतात. चुकीचं टोक लावून जोर दिला की ते उचकून बाहेर येतं आणि खाच गोल होते. गंजलेल्या बोल्टवर गंज काढणारा स्प्रे मारा आणि रात्रभर सोडा. घाईत तोडलेला एक बोल्ट अख्खा रविवार खातो.

मग आत कोण राहतंय ते बघा. खरंच! एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर असू शकतं. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घरटं बांधते. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील तर प्लास्टिक निघालेली तांब्याची तार दिसेल. हे सगळं आधी बघा.

६:०० | पेट्रोलचं काय होतं?

पेट्रोल म्हणजे अनेक हलक्या-जड घटकांचं मिश्रण. गाडी उभी राहिली की हलके घटक उडून जातात, आणि गाडी चटकन सुरू व्हायला तेच लागतात. उरलेल्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येऊन चिकट, पिवळट थर तयार होतो. त्यात आता आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतं. टाकी तळातून का गंजते, याचं उत्तर हे.

म्हणून जुन्या पेट्रोलवर नवीन ओतायचं नाही. टाकी उतरवा, सगळं काढा. वासावरूनच कळेल, वार्निशसारखा येतो. हे पेट्रोल गटारात ओतू नका. आणि हे काम उघड्यावर करा, विडी-सिगारेट आणि गॅसच्या शेगडीपासून लांब.

आत टॉर्च मारा. हलका तांबूस गंज असेल तर घरी निघतो. पेट्रोल कॉक काढून त्या जागी बूच लावा. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून टाकी पूर्ण भरा, झाकण सैल ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळी ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा म्हणजे आम्ल मरेल, मग साध्या पाण्याने. लगेच कडक उन्हात वाळवा आणि आतून थोडं इंजिन ऑइल मिसळलेलं पेट्रोल फिरवा. ही शेवटची पायरी गाळलीत तर नुकतंच साफ झालेलं उघडं लोखंड काही तासांत पुन्हा तांबूस पडतं.

टाकीला भोक असेल तर मात्र थांबा. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग करायला सरळ नेऊ नका. रिकामी दिसली तरी आतली वाफ स्फोट करते. ते काम करणाऱ्या अनुभवी माणसाकडेच द्या किंवा दुसरी टाकी बघा.

पेट्रोलचा पाइप बिनशर्त नवा टाका. जुनं रबर कडक होऊन तडकतं आणि गळकं पेट्रोल थेट गरम इंजिनावर पडतं.

८:३० | कार्बोरेटर: तार घालू नका

कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मोजून मिसळणारं यंत्र. मोजण्याचं काम करतात पितळी जेट. त्यातलं कमी वेगाचं जेट इतकं बारीक असतं की चिकट थराने पहिलं तेच बंद होतं. लक्षण ओळखीचं आहे: चोक दिला की गाडी चालू, चोक काढला की बंद.

उघडायच्या आधी एक गोष्ट. बाजूला हवा-पेट्रोल मिश्रणाचा छोटा स्क्रू असतो. तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. नंतर तितकेच फेरे बाहेर. मग खालची वाटी उघडा, जेट काढा, कार्बोरेटर क्लीनर मारा, हवेने फुंका आणि उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा. स्टीलची तार किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मोजमाप कायमचं बिघडतं आणि गाडी पेट्रोल पिते.

१०:०० | इंजिन: हाताने फिरतंय का?

आता मुद्दा येतो किक का नाही याचा. गाडी बंद केली तेव्हा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला असू शकतो. त्यातून वर्षानुवर्षं दमट हवा आत जाते. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच उतरलेलं असतं. मग पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांच्यामध्ये गंज धरतो. अशा वेळी जोरात किक मारली की गंजाचे कण बोअरवर ओरखडे काढतात, किंवा ठिसूळ झालेली रिंग तुटते. जे काम दोन चमचे तेलात झालं असतं ते बोअर-पिस्टनच्या कामावर जातं.

म्हणून असं करा. प्लगच्या आजूबाजूची माती आधी साफ करा, नाहीतर ती आत पडेल. प्लग काढा, भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी गाडी मेन स्टँडवर लावा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळू फिरवा. इंजिन फिरलं तर आनंद. नाही फिरलं तर पुढे-मागे हलकं हलवा, आणखी तेल, आणखी दोन दिवस. जोर नाही, धीर.

चाक फिरलं की गाडी न्यूट्रल करा, प्लगच्या भोकावर अंगठा दाबा आणि दुसऱ्या कुणाला किक हळू दाबायला सांगा. दाब अंगठा उचलून टाकत असेल तर कॉम्प्रेशन ठीक आहे. अजिबातच नसेल तर हेड उघडावं लागेल. ते काम अनुभवी मेकॅनिककडे, आणि बोअर करायचा असेल तर लेथवर. कोल्हापूरला उद्यमनगर आहे, तसे प्रत्येक मोठ्या गावात असे कारखाने असतात.

इंजिन ऑइल बदला, काळं दिसत नसलं तरी. त्यात पाणी आणि आम्ल जमलेलं असतं. स्प्लेंडरसारख्या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. एक जाळी असते आणि उजव्या कव्हरच्या आत गोल फिरणारी एक वाटी. ती वेगाने फिरते तसा गाळ कडेला फेकला जाऊन चिकटतो. पंधरा-सोळा वर्षांत ती कुणी उघडलीच नसेल तर आत काळा, घट्ट गाळ सापडतो. कव्हर उघडणार असाल तर नवं पॅकिंग आधी आणून ठेवा.

१२:१० | ठिणगी आणि क्लच

बॅटरी मेली आहे हे गृहीत धरा. डिस्चार्ज होऊन पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात आणि ती चार्ज घेत नाही. पण घाबरू नका. या पिढीच्या बऱ्याच १०० सीसी गाड्यांत ठिणगीची वीज थेट मॅग्नेटोमधून येते, त्यामुळे बॅटरी मेलेली असली तरी किकवर इंजिन चालू होऊ शकतं.

नवा प्लग टोपीत बसवा, त्याचा धातू इंजिनाला टेकवा आणि किक दाबा. हे प्लगच्या भोकापासून लांब धरून करा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येत असते. निळसर, टणक ठिणगी हवी. नसेल तर आधी स्वस्त गोष्टी बघा: चावीचा स्विच, किल स्विच, प्लगची टोपी, गंजलेले जोड. सीडीआय बदलायची घाई नको.

आणि एक गोष्ट जी फारशी कुणी सांगत नाही. क्लचच्या प्लेटा वर्षानुवर्षं दाबलेल्या अवस्थेत एकमेकींना चिकटतात. इंजिन चालू होतं, तुम्ही क्लच दाबून पहिला गिअर टाकता आणि गाडी उडी मारून समोरच्या भिंतीवर जाते. म्हणून इंजिन बंद असतानाच गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी पुढे-मागे ढकला. चाक मोकळं झालं की प्लेटा सुटल्या.

१३:४० | आता मारा किक

नवं पेट्रोल, अगदी अर्धा लिटर. नवं ऑइल. साफ कार्बोरेटर. ठिणगी आहे. ॲक्सिलरेटरची वायर सोडली की झटक्यात परत येते का ते तपासलंय. गाडी मोकळ्या हवेत आहे, बंद पार्किंगमध्ये नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. आता चोक द्या आणि मारा.

सुरुवातीला निळा-पांढरा धूर येईल. आपणच ओतलेलं तेल जळतंय ते. पाच-दहा मिनिटांत कमी व्हायला हवा. निळा धूर थांबतच नसेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली आहेत. थोडा वेळ चालवून बंद करा आणि ते ऑइलही काढून टाका. आतली घाण त्याच्याबरोबर येते. जुनं ऑइल गॅरेजवाल्याला द्या, तो पुढे विकतो.

१४:३० | चालू झाली म्हणजे तयार झाली नाही

इथे बहुतेक व्हिडिओ संपतात. गाडी सुरू झाली, टाळ्या, लाईक करा. पण सुरू होणारं इंजिन तुम्हाला फक्त पुढे नेतं. थांबवणारी गोष्ट अजून तपासायची आहे.

दोन्ही चाकं काढा आणि ड्रम उघडा. आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा. लायनर जाड दिसतोय म्हणून खूश होऊ नका. तो ब्रेक शूवर चिकटवलेला असतो आणि शू गंजला की ती चिकट सुटते. चालत्या गाडीत लायनर सुटून ड्रममध्ये अडकला तर चाक जागेवर लॉक होतं. मामाच्या गाडीचे लायनर जवळजवळ नवे होते, तरी दोन्ही चाकांचे शू बदलले. ब्रेकची वायर, क्लचची वायर आणि ॲक्सिलरेटरची वायरही नवी.

टायरचं तसंच. नक्षी शाबूत असली तरी रबराचं वय बघा. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो. '२३१४' म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. इतकं जुनं रबर कडक होतं, बारीक चिरा पडतात आणि पहिल्या पावसात पकड सुटते. टायर, ट्यूब बदला. चेन, चाकांच्या बेअरिंगा आणि हँडलचा कोनसेट तपासा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्येच अडखळत असेल तर कोनसेट गेलाय.

सुटे भाग घेताना जुना भाग सोबत न्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, नाहीतर तुमच्या तालुक्याचं नेहमीचं दुकान. ब्रेक आणि वायरींना कंपनीचाच माल घ्या. पैसे वाचवायचे तर आरशांवर आणि सीट कव्हरवर वाचवा.

१७:०० | रंग सगळ्यात शेवटी

रंगाचा मोह सगळ्यांना होतो, पण आधी रंग दिला की नंतरच्या प्रत्येक कामात त्यावर ओरखडे पडतात. क्रोमवरचा हलका गंज घरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की बऱ्यापैकी निघतो.

फ्रेमला पावडर कोटिंग करणार असाल तर चॅसिस नंबरची जागा सांभाळा. नंबर घासला गेला किंवा जाड थराखाली बुजला तर आरटीओच्या तपासणीत तुम्हीच संशयित ठरता. मूळ रंग बदलणार असाल तर आरसीवर त्याची नोंद करून घ्या.

मामाच्या गाडीला आम्ही रंग दिलाच नाही. त्याचे पैसे टायर आणि ब्रेकमध्ये गेले. टाकीवरचा मोठा पोचा तसाच आहे. मामेभाऊ म्हणतो, पुढच्या वर्षी बघू.

थोडक्यात क्रम पुन्हा: कागद, फोटो, पेट्रोल आणि टाकी, कार्बोरेटर, हाताने इंजिन, ऑइल, ठिणगी, क्लच, मग किक, मग ब्रेक-टायर, आणि शेवटी रंग. यातलं एखादं काम जमत नसेल तर तेवढ्यापुरतं मेकॅनिककडे जा, त्यात कमीपणा काही नाही. उलट आता तो काय करतोय ते तुम्हाला कळेल आणि काय विचारायचं तेही.

या रविवारी एवढंच करा: पोतं बाजूला काढा, नंबर बघा आणि आरसी शोधा. पाना पुढच्या रविवारी. तुमच्याकडे कोणती गाडी उभी आहे आणि कुठे अडलंय ते व्हॉइस नोटमधून कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत हेल्मेट घाला, काळजी घ्या. भेटू!